पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइड व त्याच्या निवारणाची नलगोंडा पद्धती

प्राथमिक शाळांतून मुलांच्या नखांची, केसांची व दातांची तपासणी करण्याची प्रथा जुनी आहे. या तपासणीत काही गावी शिक्षकांस एक चमत्कारिक गोष्ट आढळते. सहा-सात वर्षांच्या मुलाचे दुधाचे दात पडून नवे दात येतात, ते आरंभापासूनच खडूसारखे पांढरट, निस्तेज असतात. पुढे त्यांवर आडव्या पिवळ्या रेषा उमटतात व काही वर्षांत त्या तपकिरी होतात. मूल राखुंडीने दात घासो, कडुनिंबाच्या काडीने घासो वा विकतच्या दंतमंजनाने घासो, डाग जात नाहीत. अशा मुलास अस्वच्छ ठरवून वर्गासमोर उभे करण्याचे प्रसंग पुष्कळ घडतात. वस्तुतः त्या मुलाचा यात काडीमात्र दोष नसतो. डाग दातावर बसलेला नसून दाताच्या घडणीतच उतरलेला असतो, आणि त्याचे कारण मुलाच्या घरी नव्हे तर गावाच्या विहिरीत किंवा हातपंपात असते. त्या कारणाचे नाव फ्लोराइड.

फ्लोरिन हे मूलद्रव्य निसर्गात मोकळे सापडत नाही. ते इतर द्रव्यांशी संयोग पावलेल्या स्थितीत, म्हणजे फ्लोराइडच्या रूपाने, खडकांत असते. फ्लोरस्पार, अ‍ॅपेटाइट, काळा अभ्रक इत्यादी खनिजांत ते आढळते. भूगर्भातील पाणी दीर्घकाळ अशा खडकांच्या सान्निध्यात राहिले म्हणजे त्यातील थोडा भाग पाण्यात विरघळतो. ज्या पाण्यात कॅल्शियम अधिक असते त्यात फ्लोराइड फारसे टिकत नाही, कारण दोहोंच्या संयोगाने अविद्राव्य क्षार तयार होतो. उलट, ज्या पाण्यात कॅल्शियम अल्प व सोडियम बायकार्बोनेट विपुल, तेथे त्याचे प्रमाण वाढत जाते. यास्तव रुचीस मऊ लागणारे व डाळ चटकन शिजविणारे पाणी निर्दोष असेलच, असे समजण्यास आधार नाही. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळल्याने जंतू मरतात. परंतु फ्लोराइड जात नाही. किंबहुना काही पाणी वाफ होऊन उडून गेल्याने उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण किंचित वाढतेच.

प्रमाणाचा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. भारतीय मानकाप्रमाणे एक लिटर पाण्यात १ मिलिग्रॅम, म्हणजे दशलक्ष भागांत १ भाग, ही फ्लोराइडची इष्ट मर्यादा होय. दुसरा जलस्रोत उपलब्धच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत ते चालवून घ्यावे असे मानक सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादाही १.५ मिलिग्रॅम हीच आहे. मर्यादेच्या आत फ्लोराइड अपायकारक नाही. थोड्या प्रमाणात ते दातांची कीड रोखते, म्हणून तर दंतमंजनांत ते मिसळतात. मर्यादा ओलांडल्यावर मात्र बालवयात दंतवल्काची, म्हणजे दाताच्या कठीण आवरणाची, घडण बिघडते. कायम दातांचे दंतवल्क जन्मानंतर सुमारे आठ वर्षांपर्यंत हिरड्यांच्या आत घडत असते. अपाय होतो तो या काळात. तो दिसू लागतो दात वर आल्यावर, आणि तेव्हा उपाय करावयाची वेळ निघून गेलेली असते. फ्लोराइडचे प्रमाण याहूनही अधिक असेल व तेच पाणी वर्षानुवर्षे पोटात जात असेल तर ते हाडांत साठते. सांधे आखडतात, पाठीचा कणा ताठरतो, वाकून जमिनीवरची वस्तू उचलणेही मनुष्यास अशक्य होते. याच विकारास अस्थींचा फ्लोरोसिस म्हणतात. त्यावर औषध नाही. पाणी बदलणे हाच त्याचा खरा प्रतिबंध.

या रोगाचे मूळ कसे सापडले, तो इतिहास मनोरंजक आहे. १९०१ साली फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी व्यवसायास गेला. तेथे जन्मलेल्या पुष्कळ मुलांचे दात तपकिरी डागांनी विद्रूप झालेले त्यास दिसले. स्थानिक लोक त्याची नाना कारणे सांगत. कोणी डुकराचे मांस म्हणे, कोणी वाईट दूध म्हणे. १९०९ साली जी. व्ही. ब्लॅक हा त्या काळचा ख्यातनाम दंतशास्त्रज्ञ मॅकेच्या साहाय्यास आला. डागाळलेल्या दातांना कीड मात्र कमी लागते, ही विलक्षण गोष्टही या दोघांच्या ध्यानी आली. मॅकेचा संशय हळूहळू पाण्यावर स्थिरावला. १९२३ मध्ये तो आयडाहो राज्यातील ओकली या गावी गेला. तेथील मातांनी त्यास सांगितले की, दूरच्या एका उष्ण झऱ्याचे पाणी नळाने गावात आणल्यापासून मुलांच्या दातांवर हे डाग दिसू लागले आहेत. मॅकेने पाणी तपासले. त्यात संशयास्पद असे काहीच आढळले नाही. तरीही, तो नळ बंद करून दुसऱ्या झऱ्याचे पाणी घ्यावे, असा सल्ला त्याने दिला व ग्रामस्थांनी तो मानला. काही वर्षांत लहान मुलांचे नवे दात निर्मळ येऊ लागले. कारण कळण्यापूर्वीच उपाय सापडला, तो मातांच्या निरीक्षणामुळे.

कारण उमगले ते १९३१ साली, आणि तेही काहीसे अनपेक्षित ठिकाणी. आर्कान्सा राज्यातील बॉक्साइट हे गाव एका ॲल्युमिनियम कंपनीने वसविलेले. तेथील मुलांचेही दात डागाळलेले होते. त्याच काळी ॲल्युमिनियमची भांडी आरोग्यास विघातक आहेत असा प्रवाद पसरला होता. तेव्हा या डागांचा दोषही आपल्या धातूवर येईल, या चिंतेने कंपनीचा मुख्य रसायनज्ञ चर्चिल याने गावच्या पाण्याचे अत्यंत सूक्ष्म पृथक्करण करविले. पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण अपेक्षेहून फारच अधिक निघाले. इतर पीडित गावांच्या पाण्यातही तेच आढळले. पुढचे काम अमेरिकेच्या सरकारी आरोग्य सेवेने हाती घेतले. त्या सेवेतील ट्रेंडली डीन याने गावोगावची मुले तपासून दातांच्या विकृतीच्या पायऱ्या ठरविल्या, एल्व्होव्ह या रसायनज्ञाने अत्यल्प फ्लोराइड मोजण्याची रीत सिद्ध केली, आणि दशलक्ष भागांत एक भाग ही मर्यादा त्या परिश्रमांतून निघाली. आजही शिक्षक वा डॉक्टर एखाद्या मुलाच्या दातांची विकृती सौम्य, मध्यम की तीव्र हे सांगतात, तेव्हा डीनने घातलेली चौकटच ते वापरीत असतात.

भारतात या रोगाची ओळख १९३७ साली पटली. मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात अनेक शेतकरी पाठीचा कणा ताठरून पंगू झालेले होते. शॉर्ट व त्यांचे सहकारी यांनी या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले व त्याचा संबंध पाण्यातील फ्लोराइडशी जोडला. पुढे राजस्थान, गुजरात, आंध्र, पंजाब, कर्नाटक इत्यादी प्रांतांतून तशीच वृत्ते येऊ लागली. तेलंगणातील नलगोंडा जिल्ह्याचे नाव त्यांत विशेष गाजले. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी १९७३ साली तेथील मुलांत गुडघे आत वळून पाय वाकडे होण्याची विकृती नोंदविली. भातापेक्षा ज्वारी हे मुख्य अन्न असता शरीरात फ्लोराइड अधिक प्रमाणात राहून जाते, असेही त्याच संस्थेच्या १९७७ सालच्या प्रयोगांत दिसून आले. ज्वारीच्या भाकरीवर वाढणाऱ्या प्रदेशास हा निष्कर्ष लक्षात घेण्याजोगा आहे. अर्थात त्यावरून ज्वारी टाकावी असे नव्हे, पाणी तपासावे इतकेच.

महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा असल्याने येथे हा उपद्रव तुलनेने मर्यादित आहे. परंतु पूर्व विदर्भात व नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडील भागात ग्रॅनाइट व तत्सम प्राचीन खडक उघडे पडलेले आहेत. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावांच्या भूजलात मर्यादेबाहेर फ्लोराइड आढळलेले आहे. यात एक दैवदुर्विलास असा की, १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव विंधन विहिरी खोदल्या गेल्या त्या लोककल्याणाच्याच हेतूने. उघड्या विहिरीच्या गढूळ पाण्याने पटकी, हगवण, नारू असे रोग होत. खोल विंधन विहिरीच्या पाण्यात जंतू नसत. लोकांची त्या रोगांपासून सुटका झाली हे खरेच. पण जितके खोल जावे तितके पाणी खडकाशी अधिक काळ निगडित असते, आणि काही गावांनी एक व्याधी टाळताना दुसरी, संथपणे वाढणारी व्याधी पदरात घेतली. एकाच गावातील दोन हातपंपांच्या पाण्यातही पुष्कळ अंतर असू शकते. म्हणून केवळ गावाच्या नावावरून कोणत्याही पंपास दोषी वा निर्दोष ठरविता येत नाही.

या प्रश्नावर जेथे सर्वांत चिकाटीने काम झाले, ती संस्था महाराष्ट्रातच आहे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या अधिकाराखाली १९५८ साली नागपूर येथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. शहरांचे व खेड्यांचे पिण्याचे पाणी, सांडपाणी, मैला व केरकचरा या विषयांचे शास्त्रीय संशोधन करणे हे तिचे कार्य. १९७४ साली तिला राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था हे नाव मिळाले व ‘नीरी’ या संक्षिप्त नावाने ती आज सर्वत्र ओळखली जाते. तिचा खर्च सरकारी तिजोरीतून चालतो. अशा संशोधनास खाजगी भांडवल सहसा मिळत नाही, हे उघड आहे. ज्याची झळ मुख्यतः कोरडवाहू खेड्यांतील गरीब शेतकऱ्यास लागते, त्या रोगावरील उपाय विकून नफा कोणास होणार?

संस्थेने आरंभी निरनिराळे शोषक पदार्थ तपासले. लाकडाच्या भुशावर व दगडी कोळशावर सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून, त्यावर तुरटीचा संस्कार केल्यास तो पदार्थ फ्लोराइड धरून ठेवतो, असे आढळले. कोळशापासून १९६८ च्या सुमारास ‘डिफ्लोरॉन-२’ हे द्रव्य तयार झाले. भाताच्या तुसाच्या कोळशाचेही प्रयोग देशात झाले होते. या द्रव्यांच्या थरातून पाणी गाळले की फ्लोराइड अडते. पण काही काळाने थर भरून जातो व तुरटीच्या द्रावणाने त्यास पुन्हा कार्यक्षम करावे लागते. प्रयोगशाळेत हे सहज जमते. खेड्यात थर केव्हा भरला हे कोणी ओळखावयाचे, द्रावण कोणी करावयाचे, आणि तो दिवस चुकला तर गावाने काय प्यावयाचे, हे प्रश्न संशोधकांना टाळता आले नाहीत. थराची देखभाल मुळीच करावी लागणार नाही अशी रीत त्यांनी शोधली, व ती नलगोंडा जिल्ह्यात राबविली गेल्यामुळे तिला ‘नलगोंडा पद्धती’ हे नाव पडले. नवलाखे, कुलकर्णी, पाठक व बुलुसु या संशोधकांनी १९७५ साली तिचे सविस्तर विवेचन प्रसिद्ध केले.

पद्धतीत लागणारी तिन्ही द्रव्ये बाजारात मिळणारी आहेत : तुरटी, चुना व ब्लीचिंग पावडर. तुरटीने गढूळ पाणी निवळते हे घरोघरी ठाऊक आहे. तुरटी पाण्यात विरघळली म्हणजे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे कापसासारखे हलके पुंज तयार होतात. गढूळपणाचे कण त्यांस चिकटतात व सर्व मिळून तळाशी बसतात. फ्लोराइडचीही ॲल्युमिनियमशी विशेष सलगी असल्याने ते या पुंजांवर धरले जाते. फरक असा की, गढूळपणा घालविण्यास लिटरमागे काही दशक मिलिग्रॅम तुरटी पुरते, तर फ्लोराइड घालविण्यास कित्येक शतक मिलिग्रॅम लागते. तुरटीमुळे पाण्यात आम्ल उत्पन्न होते. ते मारण्यापुरती अल्कता पाण्यात हवी, म्हणून चुना. तुरटीच्या सुमारे विसाव्या ते पंचविसाव्या हिश्श्याइतका चुना सहसा पुरतो. ब्लीचिंग पावडर जंतुनाशनासाठी. (ॲल्युमिनियमवरील आळ टाळण्याच्या धडपडीत ज्या रोगाचे कारण सापडले, त्याच्या निवारणास शेवटी ॲल्युमिनियमचाच क्षार उपयोगी पडावा, हा योगायोग गमतीचा आहे.)

घरगुती प्रमाणावर ही कृती अशी आहे. सुमारे ४० लिटरचे झाकणाचे पिंप घ्यावे. त्यास तळापासून ३ ते ५ सेंटिमीटर उंचीवर तोटी बसवावी, म्हणजे तळाचा गाळ तोटीवाटे येत नाही. पिंपात पाणी भरून त्यात चुना व ब्लीचिंग पावडर मिसळावी. त्यानंतर तुरटीचे ताजे द्रावण घालून सुमारे दहा मिनिटे हळूहळू ढवळावे. ढवळणे संथ हवे, कारण जोराने ढवळल्यास तयार होणारे पुंज फुटतात व फुटलेले पुंज लवकर बसत नाहीत. मग तासभर पाणी मुळीच न हलविता ठेवावे. वरचे निवळ पाणी तोटीने काढून पिण्यास वापरावे व तळाचा गाळ विहिरीपासून, गोठ्यापासून व मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर टाकावा. त्यात फ्लोराइडच असते. तुरटी किती घालावी हे मात्र अंदाजाने ठरविता येत नाही. ते पाण्यातील फ्लोराइड व अल्कता या दोहोंवर अवलंबून असते, आणि त्यासाठी संस्थेने कोष्टके तयार केलेली आहेत. पाण्याचे पृथक्करण झाल्याविना कोष्टक पाहणे व्यर्थ होय. गावासाठी हीच कृती मोठ्या टाकीत करतात. टाकी भरावयाची, यंत्राने ढवळावयाची, निवळू द्यावयाची व रिकामी करावयाची.

पद्धती स्वस्त व सुबोध असल्याने तिची कीर्ती देशाबाहेरही गेली. पूर्व आफ्रिकेत टांझानिया, केनिया, इथिओपिया या देशांत तिचे प्रयोग झाले. तथापि तिच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. फ्लोराइड फार अधिक असेल तर तुरटीही फार लागते. पाण्यात सल्फेट वाढते व चव बिघडते. प्रमाण चुकल्यास ॲल्युमिनियम पाण्यात शिल्लक राहते, आणि त्याचीही कमाल मर्यादा मानकाने लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम अशी घातलेली आहे. काही फ्लोराइड गाळात न जाता ॲल्युमिनियमशी संयोग पावून विद्राव्य रूपाने पाण्यातच राहते, अशी टीका पुढील संशोधकांनी केली. याहूनही मोठी अडचण मनुष्यस्वभावाची आहे. जे काम रोज करावयाचे, ज्याचे फळ दिसत नाही व न केल्याचा परिणाम दहा वर्षांनी दिसतो, ते काम मागे पडते. अनेक गावांतील टाक्या पहिल्या उत्साहानंतर बंद पडल्या, त्या रसायनशास्त्र चुकले म्हणून नव्हे. तुरटी आणावयाची कोणी व टाकीजवळ उभे राहावयाचे कोणी, याची तजवीज न झाल्यामुळे.

यानंतर इतर मार्गही पुढे आले. सक्रिय ॲल्युमिना या दाणेदार पदार्थाच्या थरातून पाणी गाळण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी चालू आहे. कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था व युनिसेफ यांनी तिचे घरगुती गाळणे प्रचारात आणले. तिलाही थर पुनरुज्जीवित करण्याची जुनीच अडचण आहे. १९८६ साली केंद्र शासनाने पेयजलासाठी स्वतंत्र तंत्रज्ञान अभियान सुरू केले व फ्लोराइड हा त्यातील एक विषय ठरविला. २००८-०९ पासून फ्लोरोसिस प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. खुद्द नलगोंडा जिल्ह्याचा प्रश्न अखेरीस तुरटीने नव्हे तर कृष्णेचे पाणी नळाने आणूनच हलका झाला. जेथे नदीचे वा तलावाचे पाणी आणणे शक्य आहे तेथे तोच उपाय श्रेष्ठ, हे नागपूरच्या संशोधकांसही मान्यच होते. ज्या वाडीस ते पाणी पोहोचण्यास वीस वर्षे लागणार, तेथील आज जन्मलेल्या मुलासाठी त्यांची पद्धती होती. पावसाचे पाणी छपरावरून टाकीत साठविणे हा आणखी एक मार्ग. त्यात फ्लोराइड जवळजवळ नसतेच, आणि पिण्या-स्वयंपाकापुरते पाणी साठविणे लहान शाळेसही अशक्य नाही. अंघोळ, कपडे, गुरांचा गोठा धुणे यांस हातपंपाचेच पाणी वापरले तरी चालते.

आहाराचाही थोडा उपयोग होतो. कॅल्शियम व जीवनसत्त्वे यांनी युक्त अन्न, म्हणजे दूध, पालेभाज्या, आवळा, लिंबू, ज्या मुलास मिळते त्याच्या शरीरावर फ्लोराइडचा परिणाम तुलनेने कमी होतो. कोरा चहा मुलांस देऊ नये, कारण चहाच्या पानात फ्लोराइड साठलेले असते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी शाळकरी मुलांस रोज १० ग्रॅम चिंच देऊन पाहिली असता मूत्रावाटे फ्लोराइड अधिक बाहेर पडल्याचे दिसले. हा प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. पण असा आहार म्हणजे दूषित पाणी पिण्याचा परवाना नव्हे.

शिक्षकाचे काम येथे सुरू होते, ते दुसऱ्या व तिसऱ्या इयत्तेत. पुढचे कायम दात आलेल्या मुलांची रांगेने तपासणी करावी. फ्लोराइडचा डाग बहुधा दोन्ही बाजूंच्या समोरासमोरच्या दातांवर सारखा उमटतो व आडव्या पट्ट्यांनी असतो. कीड लागलेल्या दाताचा खड्डा एकाच जागी असतो, आणि तंबाखूचा वा अस्वच्छतेचा डाग घासल्याने निघतो. अशी मुले वर्गात अनेक असतील तर ती कोणत्या वस्तीतील, कोणत्या पंपाचे पाणी पितात, गावात ती जन्मापासून आहेत की बाहेरून आली, याची यादी करावी. परगावाहून मोठेपणी आलेल्या मुलाचे दात स्वच्छ व त्याच्या येथेच जन्मलेल्या धाकट्या भावाचे डागाळलेले, असे आढळले तर संशय बळावतो. ही यादी ग्रामपंचायतीस व प्राथमिक आरोग्य केंद्रास द्यावी आणि पंपाच्या पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाठवावा. पंप काही वेळ चालवून, आधीचे साचलेले पाणी निघून गेल्यावर नमुना घ्यावा. बाटली प्लॅस्टिकची असावी, काचेची नको. त्याच पाण्याने ती तीनदा विसळून काठोकाठ भरावी, बूच घट्ट लावावे व वर गाव, वस्ती, पंपाची जागा आणि तारीख शाईने लिहावी.